पन्नास हजारांचा दावा, पाच रुपयांची भरपाई: महाराज लायबल केस

१४ मे १८६१ रोजी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात अब्रूनुकसानीचा (इंग्रजीत ‘लायबल’) एक दावा दाखल झाला. वादी होते जदुनाथजी ब्रजरत्नजी महाराज, वल्लभ संप्रदायाचे धर्मगुरू. प्रतिवादी दोघे: ‘सत्यप्रकाश’ या गुजराती साप्ताहिकाचे करसनदास मुळजी आणि ज्यांच्या छापखान्यात ते साप्ताहिक छापले जाई ते नानाभाई रुस्तमजी राणीना. मागणी पन्नास हजार रुपयांची होती. निकाल २२ एप्रिल १८६२ रोजी लागला. वादीला भरपाई मिळाली पाच रुपये आणि प्रतिवादींच्या खर्चापोटी वादीवर बोजा पडला साडेअकरा हजारांचा.

एकाच निकालात वादीला पाच रुपये आणि प्रतिवादीला साडेअकरा हजार, हे कसे? याचे उत्तर समजून घेतले तर बदनामीच्या प्रकरणात बचाव कसा उभा राहतो ते बऱ्यापैकी कळते. हा खटला सहसा धर्मसुधारणेच्या इतिहासात सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. पण इथे आपण तो प्रतिवादीच्या खुर्चीतून पाहू. लेख छापला गेला आहे, शब्द परत घेता येत नाहीत, समोर बलाढ्य माणूस आहे आणि दाव्याची रक्कम सात जन्मांत फिटणार नाही एवढी आहे. अशा वेळी करसनदासांच्या बाजूने काय केले गेले?

लेखात नेमके काय होते

२१ ऑक्टोबर १८६०च्या अंकातल्या लेखाच्या मथळ्याचा अर्थ ‘हिंदूंचा मूळ धर्म आणि हल्लीची पाखंडी मते’ असा होतो. लेखाचा मोठा भाग शास्त्रचर्चेचा आहे. पुराणांत कलियुगातल्या खोट्या पंथांविषयी काय म्हटले आहे, वल्लभ संप्रदाय त्यांत कसा बसतो, ‘तन-मन-धन’ अर्पण करण्याच्या कल्पनेचा ग्रंथांत काय अर्थ लावला गेला, असा तो युक्तिवाद चालतो. त्यानंतर आरोप येतो: महाराज लोक या अर्पणाच्या नावाखाली भाविकांच्या बायका-मुलींशी व्यभिचार करतात.

इथपर्यंतचा आरोप एका वर्गावर होता. त्या वेळी महाराज म्हणवणारे अनेक होते. मुंबईत होते, सुरतेत होते, इतरत्रही होते. लेख इथेच थांबला असता तर ‘हे माझ्याविषयी लिहिले आहे’ हे सिद्ध करताना कोणाही एका महाराजाला बराच घाम गाळावा लागला असता. पण शेवटी लेखकाने जदुनाथजींना नाव घेऊन हाक मारली. आधी आपल्या मंडळींचे हे वर्तन थांबवा आणि मग धर्माचा उपदेश करायला पुढे या, असा त्याचा आशय होता.

त्या एका संबोधनामुळे वर्गावरचा आरोप व्यक्तीला येऊन चिकटला. बदनामीच्या कोणत्याही लेखात सर्वांत आधी शोधायची जागा हीच असते. सामान्य विधानापासून लेखणी ज्या वाक्यात नावाकडे वळते, तिथे दाव्याचा जन्म होतो. पुढे मुख्य न्यायाधीशांनीही नेमका याच जागी प्रतिवादींच्या विरोधात कौल दिला.

नाव का घेतले, याला पार्श्वभूमी आहे. जदुनाथजी सुरतेहून मुंबईला आले होते. विधवाविवाहाच्या प्रश्नावर १८६० साली कवी नर्मदाशंकरांशी त्यांचा जाहीर वाद झाला आणि आपल्या मताच्या प्रचारासाठी त्यांनी स्वतः एक मासिकही चालवायला घेतले. म्हणजे ते छापील वादात स्वखुशीने उतरले होते. त्याआधी दोन-तीन वर्षे आणखी एक झगडा झाला होता. महाराजांना कोर्टात जातीने हजर राहावे लागू नये म्हणून भाविकांकडून एका कागदावर सह्या घेतल्या गेल्या. त्या कागदाला करसनदासांनी ‘गुलामीखत’ असे नाव दिले. त्यामुळे १८६०चा लेख एकाएकी आलेला नव्हता. सुमारे पाच वर्षे चाललेल्या लिखाणातला तो एक होता आणि ही सलगता पुढे बचावाच्या कामी आली. व्यक्तिगत हेवादाव्यातून अचानक उठलेला लेख आणि वर्षानुवर्षे एकाच सार्वजनिक प्रश्नावर लिहिणाऱ्याचा लेख, या दोहोंकडे कोर्ट एकाच नजरेने पाहत नाही.

कैफियत: कोणता बचाव घ्यायचा

दावा आल्यावर पहिला मोठा निर्णय कैफियतीचा, म्हणजे कोर्टाला द्यायच्या लेखी उत्तराचा असतो. प्रतिवादींसमोर ढोबळमानाने दोन रस्ते होते. ‘आम्ही दोषी नाही’, म्हणजे हा लेख कायद्याने बदनामीकारक ठरत नाही, तो सद्भावाने आणि सार्वजनिक कर्तव्य म्हणून लिहिला, हा पहिला रस्ता. ‘जे लिहिले ते खरे आहे’ हा दुसरा. त्यांनी दोन्ही धरले.

सत्याच्या बचावाची किंमत आधी समजून घ्यायला हवी. ‘लेख सद्भावाने लिहिला’ असे म्हटले की चर्चा लेखकाच्या हेतूभोवती राहते. ‘लेख खरा आहे’ असे म्हटले की सिद्ध करण्याचे ओझे प्रतिवादीच्या खांद्यावर येते. वादीने फक्त लेख दाखवायचा आणि बसायचे. प्रतिवादीने आरोपातली प्रत्येक बोचरी गोष्ट पुराव्याने उभी करायची. त्यातला गाभा सिद्ध झाला नाही तर तोच आरोप भर कोर्टात पुन्हा केल्यासारखे होते आणि भरपाई वाढते. म्हणून जाणते वकील हा बचाव घेण्याआधी अशिलाला एकच प्रश्न विचारतात: पिंजऱ्यात कोण उभे राहणार?

करसनदासांपुढे हा प्रश्न फार अवघड होता. आरोप स्त्रियांच्या अब्रूविषयीचा. ज्यांच्या घरात तसे घडले असेल ते कुटुंब कोर्टात येऊन सांगणार नाही. ज्यांनी पाहिले ते भाविक, आणि भाविकाने गुरूविरुद्ध बोलायचे म्हणजे जातीतून उठायचे.

साक्षीदारांवरचा दबाव

झालेही तसेच. महाराजांचे अनुयायी असलेल्या भाटिया जातीच्या पुढाऱ्यांनी सभा घेतली आणि ठरवले की जातीतल्या कोणीही महाराजांविरुद्ध साक्ष द्यायची नाही. देईल तो वाळीत.

करसनदासांनी इथे केलेली कृती या प्रकरणातली सर्वांत शहाणपणाची म्हणावी लागेल. त्यांनी या सभेचा समाचार दुसऱ्या लेखातून घेतला नाही. मूळ दाव्याची सुनावणी सुरू होण्याआधीच त्यांनी या पुढाऱ्यांवर न्यायात अडथळा आणण्याचा कट केल्याची वेगळी फौजदारी फिर्याद केली. डिसेंबर १८६१मध्ये सर जोसेफ आर्नोल्ड यांच्यापुढे ती चालली. पुढारी दोषी ठरले. म्होरक्यांना प्रत्येकी हजार आणि इतरांना पाचशे रुपये दंड झाला. इतिहासात ही ‘भाटिया कॉन्स्पिरसी केस’ म्हणून ओळखली जाते.

दंडाची रक्कम त्या सधन व्यापाऱ्यांना जड नव्हती. खरा फरक साक्षीदारांना पडला. साक्ष देणाऱ्याला धमकावणे हा गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा होते, हे शहराने पाहिले. लखमीदास खिमजी यांच्यासारखे भाटिया जातीतलेच लोक मुख्य खटल्यात पुढे येऊन बोलले. आधीची फिर्याद झाली नसती तर त्यांतले किती जण आले असते, याची शंका वाटते.

आजही अशा प्रकरणांत चुकते ते नेमके इथेच. गावातल्या पुढाऱ्याविरुद्ध बातमी छापली जाते, माहिती देणारे चार जण असतात, नोटीस येते आणि महिन्याभरात चौघेही ‘आम्ही असे बोललोच नाही’ म्हणतात. साक्षीदार फिरतात ते तारखेच्या दिवशी नाही, तारखेच्या कितीतरी आधी. म्हणून त्यांचे म्हणणे वेळीच लेखी घ्यावे, शक्य असेल तर प्रतिज्ञापत्रावर घ्यावे, आणि धमकी आली तर तिची तक्रार मूळ प्रकरणापासून अलग ठेवून त्याच आठवड्यात करावी.

जानेवारी ते मार्च १८६२: पुरावा

मुख्य खटला जानेवारी १८६२च्या अखेरीस सुरू झाला. न्यायासनावर मुख्य न्यायाधीश सर मॅथ्यू सॉसे आणि सर जोसेफ आर्नोल्ड होते. प्रतिवादींचे बॅरिस्टर टॉमस चिझम अ‍ॅन्स्टी. ते पूर्वी ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद आणि हाँगकाँगचे अ‍ॅटर्नी जनरल होते. वादीच्या बाजूने बेली आणि स्कोबल. कोर्टाबाहेर गर्दी मावत नव्हती.

बचावाचा पुरावा तीन थरांत उभा केला गेला.

पहिला थर ग्रंथांचा. लेखात संप्रदायाच्या शिकवणीविषयी जे म्हटले होते ते लेखकाच्या डोक्यातून आलेले नाही, ग्रंथांतच तसा आधार आहे, हे दाखवण्यासाठी रेव्हरंड जॉन विल्सन यांची साक्ष झाली. विल्सन मुंबईतले नावाजलेले संस्कृतज्ञ मिशनरी होते. लेख गुजराती, ग्रंथ संस्कृत आणि ब्रज, कोर्टाची भाषा इंग्रजी. अशा खटल्यात भाषांतराला अवाजवी वजन येते. एकाच शब्दाचे सौम्य भाषांतर केले तर टीका राहते आणि कडक केले तर गुन्हा होतो. प्रादेशिक भाषेत लिहिणाऱ्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी: वरिष्ठ कोर्टात मूळ मराठी वाक्याची कसोटी बऱ्याचदा दुसऱ्याने केलेल्या इंग्रजी भाषांतरावर लागते. वादीने जोडलेले भाषांतर मुकाट्याने मान्य करू नये. आपले स्वतंत्र भाषांतर करून घ्यावे आणि फरक असेल तिथे पहिल्याच संधीला हरकत नोंदवावी.

दुसरा थर लौकिकाचा. समाजातल्या प्रतिष्ठित माणसांनी सांगितले की महाराजांच्या वर्तनाविषयी हा बोलवा सर्वदूर आहे. या थराचा उपयोग मर्यादित असतो. ‘सगळे असेच म्हणतात’ एवढ्याने आरोप खरा ठरत नाही. मात्र ज्या अब्रूची किंमत पन्नास हजार लावली आहे ती मुळात केवढी होती, हे ठरवायला त्याचा आधार मिळतो.

तिसरा थर डॉक्टरांचा, आणि तोल बदलला तो इथे.

जदुनाथजी स्वतः पिंजऱ्यात आले होते. शपथेवर त्यांनी आरोप साफ नाकारले. त्यानंतर डॉ. भाऊ दाजी लाड यांची साक्ष झाली. भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजातून पहिल्या तुकडीत बाहेर पडलेले, पुराणवस्तू आणि संस्कृतचे गाढे अभ्यासक. मुंबईत त्यांच्या शब्दाला मान होता. त्यांनी सांगितले की जदुनाथजी त्यांचे रुग्ण होते आणि उपदंशावर, म्हणजे शरीरसंबंधातून होणाऱ्या एका रोगावर, त्यांनी उपचार करून घेतले होते. डॉ. धीरजराम दलपतराम यांनीही उपचार केल्याची साक्ष दिली.

या साक्षीचे वजन कशात होते ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. डॉक्टरांनी कोणताही व्यभिचार डोळ्यांनी पाहिला नव्हता. लेखातले एकही वाक्य त्यांनी थेट सिद्ध केले नाही. पण वादीने शपथेवर सांगितलेली गोष्ट त्यांच्या साक्षीपुढे टिकली नाही. दोघे डॉक्टर एकमेकांना दुजोरा देत होते. खोटे बोलण्यात त्यांचा काही लाभ नव्हता, उलट रुग्ण तुटण्याची जोखीम होती. एकदा वादीचा शब्द ढळला की त्याच्या बाकीच्या इन्कारालाही किंमत उरत नाही. बदनामीच्या दाव्यात वादी स्वतःचे चारित्र्य तराजूत घालतो, आणि ज्याला ते उघड्यावर तपासले जाणे परवडत नाही त्याने दावा लावताना शंभरदा विचार करावा.

रुग्णाची गुप्तता मोडली, हा आक्षेप कोणाच्याही मनात येईल. वैद्यकीय नीतीने गुप्तता पाळायची असते, पण आपल्या कायद्यात वकील-अशील यांच्यातल्या संवादाला जसे संरक्षण आहे तसे डॉक्टर-रुग्ण संवादाला नाही. कोर्टाने विचारले तर डॉक्टरला सांगावे लागते. बातमीच्या स्रोताचेही तसेच. प्रेस कौन्सिल कायद्याच्या कलम १५ने पत्रकाराला स्रोत न सांगण्याची मुभा मिळते ती कौन्सिलपुढच्या कामकाजापुरती. दिवाणी-फौजदारी कोर्टात ‘खात्रीलायक सूत्र’ हा पुरावा धरला जात नाही. सूत्राचे नाव राखायचे असेल तर ती बातमी कागदपत्रांच्या जोरावर उभी राहील अशीच लिहावी लागते.

निकालाची गणिते

दोन्ही न्यायाधीश एका गोष्टीवर सहमत होते: सत्याचा बचाव सिद्ध झाला. त्या मुद्द्यावर प्रतिवादी जिंकले आणि खर्च त्यांच्या पदरात पडला.

मतभेद ‘दोषी नाही’ या पहिल्या बचावावर झाला. नाव घेऊन एका व्यक्तीच्या खासगी वर्तनावर हल्ला करणे हे संपादकाच्या सार्वजनिक कर्तव्यात बसत नाही, असा सॉसे यांचा कल होता. म्हणून त्या मुद्द्यापुरता कौल वादीकडे गेला, पण नाममात्र पाच रुपयांचा. आर्नोल्ड यांचे मत उलट होते. त्यांच्या मते संपादकाने आपले कर्तव्यच केले होते. जे नीतीच्या दृष्टीने वाईट आहे ते धर्माच्या नावाने चांगले ठरू शकत नाही, हेच प्रतिवादी आणि त्यांचे साक्षीदार सांगत आहेत, असे त्यांनी निकालपत्रात लिहिले. दोघांत एकमत न झाल्याने त्या मुद्द्यावर मुख्य न्यायाधीशांचे मत टिकले.

म्हणून पाच रुपये आणि साडेअकरा हजार. पहिला आकडा नाव घेण्याच्या त्या एका वाक्याचा आणि दुसरा साक्षीपुराव्याचा. करसनदासांच्या बाजूचा एकूण खर्च तेरा-चौदा हजारांच्या घरात गेला होता. म्हणजे जिंकूनही दोन-अडीच हजार खिशातून गेले, आणि १८६२ साली ती रक्कम लहान नव्हती. खटला जिंकला की खर्च वसूल होतो या समजावर विसंबून कोणी कंबर कसू नये.

कोर्टाने संप्रदायाच्या श्रद्धेवर निवाडा दिला नव्हता, हेही स्पष्ट सांगायला हवे. तपासले गेले ते एका व्यक्तीविषयीच्या छापील विधानांचे खरेखोटे. सामान्य भाविकाच्या भक्तीचा त्या पाच रुपयांशी काही संबंध नाही.

वीस वर्षांनंतर तेच शहर, दुसरा निकाल

या खटल्याशेजारी १८८२चे बर्वे प्रकरण ठेवल्याशिवाय अभ्यास पुरा होत नाही.

कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ केला जातो आहे, अशा बातम्या येत होत्या. वर्षभरापूर्वीच, जानेवारी १८८१मध्ये सुरू झालेल्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी हा प्रश्न हाती घेतला. ‘केसरी’चे संपादक आगरकर होते आणि ‘मराठा’चे टिळक. संस्थानचे दिवाण रावबहादूर माधवराव बर्वे यांच्यावर गंभीर आरोप झाले आणि त्यांना आधार म्हणून बर्वे यांची म्हणवली जाणारी पत्रे पुढे आली. बर्वे यांनी मुंबईत फौजदारी फिर्याद केली. खटल्यात ती पत्रे बनावट निघाली. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, पण फिर्यादी मागे हटला नाही. जुलै १८८२मध्ये टिळक-आगरकरांना चार महिन्यांची साधी कैद झाली. १७ जुलै ते २६ ऑक्टोबर असे १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. त्यांच्या जामिनासाठी जोतीराव फुले यांनी रामशेठ उरवणे यांच्यामार्फत दहा हजारांची व्यवस्था केली होती. मतांची एवढी दरी असताना केलेली ही मदत महाराष्ट्राने विसरू नये अशीच आहे.

दोन्हीकडे लिहिणारे निर्भय होते, दोन्हीकडे हेतू लोकहिताचा होता. फरक पुराव्याच्या जातीचा होता. करसनदासांच्या मागे जिवंत माणसे होती, त्यांची उलटतपासणी होऊ शकत होती आणि ती त्यात टिकली. टिळक-आगरकरांच्या हाती कागद होते. ज्यांनी ते आणून दिले त्यांच्यावर विश्वास ठेवला गेला, पण अक्षर, सही आणि कागदाचा प्रवास यांची शहानिशा छापण्यापूर्वी झाली नाही.

दुसरा फरक कायद्याचा. करसनदासांवरचा दावा इंग्रजी कायद्याखालचा दिवाणी दावा होता आणि त्यात सत्य हा संपूर्ण बचाव होता. भारतीय दंड संहिता त्याची सुनावणी सुरू झाली त्याच महिन्यात, १ जानेवारी १८६२ रोजी अमलात आली. बर्वे यांची फिर्याद तिच्याखालची होती. तिच्यात केवळ सत्य पुरत नाही. विधान खरे हवे आणि ते प्रसिद्ध करणे लोकहिताचेही हवे. आणि सद्भाव म्हणजे मनाचा चांगुलपणा नव्हे. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे रास्त काळजी आणि लक्ष दिल्याशिवाय केलेली गोष्ट सद्भावाने केली असे म्हणताच येत नाही. पत्रे तपासली नाहीत तिथे हा आधार निसटतो.

यातला सर्वांत चटका लावणारा भाग नंतरचा. २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरला, देखरेखीसाठी नेमलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत चौथे शिवाजी महाराज मरण पावले. त्यांच्याविषयीची काळजी पोकळ नव्हती. पोकळ होता तो कोर्टात दाखवलेला कागद.

हेच प्रकरण आज आले तर

आज फौजदारी बदनामी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६मध्ये आहे. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा होऊ शकते. जुन्या दंड संहितेच्या कलम ४९९चे दहाही अपवाद तसेच ठेवले आहेत. ही तरतूद घटनाबाह्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६मध्ये ठरवले. गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. त्यामुळे ‘पोलीस येऊन उचलून नेतील’ या भीतीने पहिल्याच नोटिशीला माफीनामा लिहून देण्याची घाई करू नये. फिर्याद बाधित व्यक्तीने दंडाधिकाऱ्यांकडे करायची असते, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३प्रमाणे दखल घेण्यापूर्वी आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. ही संधी पुष्कळ लोक वाया घालवतात. फिर्यादीत आपले नाव कोणत्या कृतीसाठी घातले आहे, नेमके कोणते शब्द आक्षेपार्ह आहेत, मुदत टळली आहे का, हे मुद्दे तिथेच मांडता येतात.

दिवाणी दाव्याची मुदत प्रसिद्धीपासून एक वर्ष. जदुनाथजींचा दावा लेखानंतर सुमारे सात महिन्यांनी आला होता, म्हणजे आजच्या मुदतीतही तो बसला असता. फौजदारी फिर्यादीसाठी तीन वर्षे मिळतात. मजकूर पुन्हा छापला किंवा नव्याने पसरवला तर घड्याळ पुन्हा सुरू होण्याचा धोका असतो, म्हणून नोटीस आल्यावर जोशात तोच लेख परत वाटत सुटू नये. खटला चालण्याआधीच प्रसिद्धीवर बंदी मागितली गेली तर सर्वोच्च न्यायालयाचा मार्च २०२४चा ब्लूमबर्ग-झी प्रकरणातला आदेश वकिलाला जरूर दाखवावा. सुनावणीपूर्वीची अशी मनाई अपवादानेच द्यावी, असे त्यात म्हटले आहे.

नोटीस हाती पडली की पहिल्या दोन दिवसांत करायचे काम कंटाळवाणे असते, पण तेच उपयोगी पडते. छापलेला अंक किंवा प्रसिद्ध झालेल्या मजकुराची तारखेसह प्रत जपावी, मूळ मजकुरात एक अक्षरही बदलू नये. कच्चे टिपण, रेकॉर्डिंग, संदेश, ज्यांच्याशी बोललो त्यांच्या वेळा एका जागी आणाव्यात. मोबाइलमधल्या गोष्टी कोर्टात द्यायच्या तर नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चे प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलची हॅश (फाइल बदललेली नाही हे दाखवणारी आकडी खूण) नोंदवावी लागते. फोन विकून टाकला, बदलला किंवा रिसेट केला की ती साखळी तुटते. मग नोटिशीतल्या प्रत्येक आक्षेपार्ह वाक्यापुढे लिहावे: हे वस्तुस्थितीचे विधान आहे की मत, ते कोणाविषयी आहे, त्याला पुरावा कोणता आणि तो पुरावा पिंजऱ्यात कोण सांगणार. ‘असे म्हणतात’, ‘चर्चा आहे’ या शब्दांची ढाल होत नाही. दुसऱ्याचा आरोप छापणाराही तो आरोप करणाराच ठरतो. प्रश्नचिन्ह लावले किंवा उपरोधाने लिहिले तरी कायदा अर्थच पाहतो.

त्या वाक्यांपैकी ज्यांच्यापुढे शेवटचा रकाना रिकामा राहतो त्यांचे काय करायचे, हा निर्णय वकिलासोबत त्याच आठवड्यात घ्यावा. वाक्य चुकीचे असेल तर दुरुस्ती लगेच, मूळ मजकूर जिथे आला तिथेच आणि तेवढ्याच ठळकपणे द्यावी. कोणते वाक्य मागे घेतले आणि कोणते कायम आहे, हे तीत स्वच्छ लिहावे, कारण सरसकट माफी मागितली तर खऱ्या विधानांवरचाही हक्क सुटतो. बर्वे प्रकरणात दिलगिरी आली ती पत्रे खोटी ठरल्यावर. तोवर फिर्यादीच्या हाती खटला जिंकण्याचे सगळे साधन आले होते आणि तडजोड करण्याचे त्याला कारण उरले नव्हते.